एक रिपोर्ट ‘अनिश्चित’, दुसरा कोरा

प्रश्न: आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सातव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, ती जवळजवळ अर्धा तास चालली. पुढे तापाशिवायही येऊ लागल्या. चालायला ती वेळेवर लागली, पण बोलणं मागे पडलंय. एमआरआय नॉर्मल आहे. तिच्या एकटीच्या रक्ताची एक्सोम टेस्ट, म्हणजे जनुकं वाचायची टेस्ट, केली. फॉर्मवर फक्त ‘फिट्स’ असं लिहिलं होतं. रिपोर्टमध्ये एससीएन१ए या जनुकात एक ‘व्हीयूएस’, म्हणजे अनिश्चित महत्त्वाचा बदल, आला आहे. दुसरं मूल हवंय. त्यासाठी हा रिपोर्ट वापरता येईल का? त्यातच माझे वडील, वय ६८, तीन आठवडे ताप आणि डोकेदुखी, मग गुंगी, म्हणून ॲडमिट आहेत. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या, साखर कमी, प्रोटीन जास्त. कल्चर आणि जीनएक्स्पर्ट (टीबीचा डीएनए शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह. डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली आणि पाणी मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातला सगळा डीएनए वाचून जंतू शोधायला, पाठवलं. उत्तर आलं, ‘कोणताही रोगजंतू आढळला नाही’. मोठे भाऊ म्हणतात, जगातले सगळे जंतू तपासून झाले, आता औषधं बंद करा, उगाच लिव्हरवर येतील. काय करावं?

उत्तर: आधी वडिलांचं घेऊ, कारण घाई तिथे आहे. टीबीची औषधं या रिपोर्टच्या भरवशावर बंद करू नका. तीन आठवड्यांचा ताप, पाण्यात साखर कमी, प्रोटीन जास्त आणि वर गुंगी, एवढं समोर असताना डॉक्टर जंतू सापडायची वाट न बघता टीबीवर उपचार सुरू करतात. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत गेलेला वेळ परत मिळवता येत नाही. औषधं चालू ठेवायची की बदलायची हे तेच ठरवतील. पण त्या निर्णयात ‘आढळला नाही’ या ओळीला किती वजन द्यायचं, ते भावांना कागदावर आकडे मांडून दाखवता येईल.

समजा, पाठीतल्या पाण्याच्या दर मायक्रोलीटरमध्ये १०० पांढऱ्या पेशी आहेत. म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १ लाख. प्रत्येक मानवी पेशीत डीएनएची सुमारे ६०० कोटी अक्षरं असतात. त्याच मिलीलीटरमध्ये टीबीचे ५० जंतू आहेत असं धरू. मेंदूच्या टीबीत ते मुळातच थोडे असतात. टीबीच्या एका जंतूचा जिनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा. गुणाकार केला की जंतूंची २२ कोटी अक्षरं होतात आणि पेशंटची स्वतःची ६०० लाख कोटी. मशीन डीएनए छोट्या तुकड्यांत वाचतं, म्हणजे साधारण २७ लाख तुकड्यांमागे एक तुकडा जंतूचा. मशीनने या नमुन्यातले २ कोटी तुकडे वाचले, तर टीबीचे हाती लागणार जेमतेम सात. तेही सगळे जंतू फुटून त्यांचा डीएनए बाहेर आला तर. टीबीच्या जंतूचं आवरण मेणचट आणि चिवट असतं. नमुन्यात बारीक मणी घालून तो जोरात घुसळला नाही, तर बरेचसे जंतू न फुटताच राहतात. दहांतला एकच फुटला, तर सातचा हिशेब एकाच्याही खाली जातो. पाणी काढताना त्यात रक्त उतरलं असेल, तर मानवी डीएनए आणखी वाढतो आणि जंतू त्या गर्दीत बुडतो.

‘सगळे जंतू तपासले’ हे भावांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. मेटाजिनोमिक टेस्टमध्ये कुठल्या जंतूसाठी तपासायचं हे आधी ठरवावं लागत नाही. नळीतलं जे काही वाचता येईल ते वाचायचं आणि मग ते कुणाचं ते लाखो जिनोमच्या साठ्याशी ताडून बघायचं. पण नळीत जे नाही, किंवा वाचण्यालायक रूपात नाही, ते मशीनला दिसत नाही. यातली सगळ्यात साधी चूक म्हणजे फक्त डीएनए वाचणं. गोवर, रेबीज, डेंग्यू, एंटेरोव्हायरस हे आरएनएचे विषाणू आहेत. आरएनएपासून प्रत बनवून ती वेगळी वाचली नाही, तर विषाणूने नळी भरलेली असली तरी रिपोर्ट कोराच येणार. आरएनए नाजूक असतो, त्यामुळे नमुना तासन्तास टेबलावर पडून राहिला असेल तरी तेच. दुसरा प्रकार असा की, काही विषाणू पाण्यात दोन-चार दिवसच असतात. पेशंट हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते निघून गेलेले असतात आणि मागे उरतात फक्त त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी. जपानी मेंदूज्वर ओळखायला पाठीतल्या पाण्यातली आयजीएम अँटिबॉडी बघतात ती म्हणूनच. सिक्वेन्सिंग अँटिबॉडी वाचत नाही.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या आठ हॉस्पिटलांमधला एक अभ्यास छापून आला. मेंदू किंवा त्याचं आवरण सुजलेल्या २०४ पेशंटांच्या पाठीतल्या पाण्याची नेहमीच्या तपासण्यांसोबत मेटाजिनोमिक टेस्टही केली होती. एकूण ५८ जंतुसंसर्ग नक्की झाले. त्यांतले १३ फक्त सिक्वेन्सिंगनेच पकडले, हा या टेस्टचा खरा विजय. पण २६ सिक्वेन्सिंगच्या हातून निसटले. त्यांतले ११ केवळ अँटिबॉडीच्या तपासणीवरून कळले, ७ जणांत जंतू पाठीतल्या पाण्याऐवजी दुसऱ्या ऊतीत सापडला आणि ८ जणांत तो पाण्यात होता पण फार थोडा. वडिलांचा कोरा रिपोर्ट या तिन्हींपैकी कुठल्याही खणात बसू शकतो.

तेव्हा आता लॅबला फोन करून चार गोष्टी विचारा, किंवा वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारायला सांगा. डीएनए आणि आरएनए दोन्ही वाचलं का? एकूण किती तुकडे वाचले आणि त्यांत मानवी किती टक्के होते? नमुन्यात मुद्दाम मिसळलेला ओळखीचा कंट्रोल अपेक्षेइतका सापडला का? आणि ठरवलेल्या मर्यादेच्या खाली, म्हणून रिपोर्टमध्ये न छापलेले, टीबीचे एक-दोन तुकडे कच्च्या यादीत आहेत का? शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. टीबीचा जंतू माणसाच्या त्वचेवर किंवा लॅबच्या पाण्यात असा सहज सापडत नाही, त्यामुळे त्याचे मोजके तुकडेही जाणकार गंभीरपणे घेतात. मात्र त्याच मशीनवर, त्याच दिवशी टीबीचा दुसरा भरगच्च नमुना असेल तर त्यातले दोन-चार तुकडे इकडे ‘सांडलेले’ असू शकतात, तेही लॅबच सांगू शकते.

डॉक्टर पाणी पुन्हा काढायचं म्हणाले तर घाबरू नका. टीबी शोधायचा असेल तर प्रमाणाला महत्त्व आहे: ६ ते १० मिलीलीटर काढून, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला साका तपासला की जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. एक मिलीलीटरवर झालेलं निगेटिव्ह जीनएक्स्पर्ट तसं कच्चंच समजायचं. वाटणीचा क्रमही महत्त्वाचा. पेशी, साखर, प्रोटीन आणि त्याच वेळची रक्तातली साखर. मग कल्चर आणि जीनएक्स्पर्ट. मग क्रिप्टोकॉकस या बुरशीची अँटिजेन टेस्ट, जी थोड्या मिनिटांत होते आणि जी न करता महागड्या सिक्वेन्सिंगची वाट बघत बसणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. आणि उरलेल्यातलं एक-दोन मिलीलीटर सिक्वेन्सिंगला, तेही पहिल्या थेंबांच्या नळीतलं नको, कारण सुईबरोबर आलेले त्वचेवरचे जंतू त्यात असतात. बाकी ठेवायचं असेल तर उणे ८० अंशांवर ठेवायला सांगा. छातीचा सीटी केला नसेल तर तोही विचारा. फुप्फुसात किंवा गाठीत टीबी सापडला तर मेंदूपर्यंतचा पुरावा तिथूनच मिळतो.

तिथून जंतू मिळालाच, तर सिक्वेन्सिंगचा दुसरा, जास्त भरवशाचा उपयोग पुढे येतो, तो म्हणजे औषध लागू पडेल का हे आधीच कळणं. कल्चरवर हे कळायला आठवडे लागतात. टीबीच्या ठरावीक जनुकांचंच सिक्वेन्सिंग काही दिवसांत होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ते औषधरोध तपासण्यासाठी मार्गदर्शक सूचनांमध्ये घेतलं. जीनएक्स्पर्ट रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधासाठी आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा बघतं. त्या तुकड्याच्या बाहेरचा बदल त्याला दिसत नाही. सिक्वेन्सिंग आयसोनियाझिडसाठी कॅटजी, पायराझिनामाइडसाठी अख्खं पीएनसीए, क्विनोलोन औषधांसाठी जायरए अशी जनुकं वाचतं. फक्त ते उपचार चालू असताना ‘बरा झाला का’ हे बघायला वापरू नये. मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ टिकतो आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येत राहतो.

आणि रिपोर्टमध्ये एखादं नाव आलं असतं, तरी त्यावर लगेच विश्वास ठेवायला आम्ही सांगितलं नसतं. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस त्वचेवर राहतो. राल्स्टोनिया आणि ब्रॅडिरायझोबियम लॅबच्या रसायनांतूनच येतात. टॉर्क टेनो विषाणू धडधाकट माणसांतही सापडतो. म्हणून चांगली लॅब प्रत्येक फेरीत नुसत्या पाण्याची एक नळी तसंच सगळं करून वाचते आणि त्या नळीतही सापडलेली नावं वजा करते. पण इथेही आंधळेपणा चालत नाही: मेंदूत शंट, म्हणजे पाणी वळवणारी नळी, बसवलेल्या माणसात तोच क्युटिबॅक्टेरियम खरा गुन्हेगार असू शकतो.

लिव्हरची भावांची काळजी रास्त आहे. तिच्यावरचा उपाय ठरावीक दिवसांनी लिव्हरच्या रक्ततपासण्या, एएलटी आणि बिलिरुबिन, बघण्याचा. डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या, जेवण अजिबात नकोसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

मुलीच्या बाबतीत अडचण बरोबर उलटी आहे. वडिलांच्या नमुन्यात शोधायचं होतं ते फार थोडं होतं. मुलीच्या नमुन्यात सापडतं फार जास्त. कुठल्याही माणसाचा जिनोम प्रमाण मानलेल्या जिनोमशी ताडला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतात. एक्सोम म्हणजे प्रथिनं बनवायच्या सूचना असलेला दीड-दोन टक्के भाग. तिथेही वीसेक हजार फरक असतात. त्यांतले जवळजवळ सगळे निरुपद्रवी. रिपोर्ट लिहिणारा माणूस हे वीस हजार गाळत गाळत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांवर येतो, आणि गाळणी कुठली वापरायची हे तो तुमच्या फॉर्मवरून ठरवतो. फॉर्मवर ‘फिट्स’ एवढंच असेल तर गाळणीची भोकं मोठी राहतात. ‘सातव्या महिन्यात तापात अर्ध्या तासाची फिट, नंतर तापाशिवाय, चालणं वेळेवर, बोलण्यात मागे, एमआरआय नॉर्मल’ असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याची नजर पहिल्या क्षणी एससीएन१एवर गेली असती. हे चित्र ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांतल्या फिट्सच्या गंभीर आजाराशी बरंच जुळतं, आणि त्या आजाराच्या दर दहांपैकी आठांहून जास्त मुलांमध्ये याच जनुकात बिघाड सापडतो. निदान अर्थातच तिला तपासणारे मेंदूविकारतज्ज्ञच करतील. ड्रॅव्हेचं निदान मुळात लक्षणांवरून करायचं असतं, त्याला जनुकाचा रिपोर्ट जोड देतो.

म्हणून पहिलं काम टेस्टचं नाही, औषधांचं. तुम्ही औषधांची नावं लिहिलेली नाहीत. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन यांपैकी काही चालू असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून विचारा. एससीएन१ए जनुकापासून मेंदूतली एक सोडियमची वाहिनी बनते, आणि ती मुख्यत्वे मेंदूला आवरणाऱ्या, ब्रेक लावणाऱ्या पेशींत काम करते. ती अर्धीच उरली असेल तर सोडियम वाहिन्या दाबणारी ही औषधं उरलेला ब्रेकही ढिला करतात आणि फिट्स वाढतात. उलट व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन ही ड्रॅव्हेत वापरली जातात. स्वतःहून मात्र कुठलंही औषध एकदम तोडू नका. फिटचं औषध अचानक बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. पाच मिनिटांहून लांबलेल्या फिटसाठी घरी ठेवायचं औषध आणि ते कसं द्यायचं हे लिहून घेतलं नसेल, तर तेही घ्या.

आता त्या व्हीयूएसच्या ओळीकडे या. तिथे बहुधा असं काहीतरी असेल: सीजीटीचं सीएटी झालं, म्हणून अर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आलं, हेटरोझायगस, लोकसंख्येच्या साठ्यात नोंद नाही. यातली प्रत्येक गोष्ट हा एक पुरावा आहे. हेटरोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल आहे. एससीएन१एच्या आजाराला एकच पुरतो, त्यामुळे त्यात दिलासा शोधू नका. ‘नोंद नाही’ हे नोमॅड नावाच्या साठ्यावरून म्हणतात, ज्यात आठ लाखांहून जास्त लोकांचा तपशील आहे. इतक्या लोकांत एकदाही न दिसलेला बदल संशयास्पद ठरतो खरा, पण ज्या समाजांचे नमुने त्यात थोडेच आहेत त्यांच्या बाबतीत हा पुरावा पातळ होतो. तुमच्या गटात तो बदल नेहमीचा असेलही, फक्त कुणी मोजलेला नसेल. आणि सॉफ्टवेअरने ‘घातक’ असा शिक्का मारला असेल तर त्याला आधाराचा पुरावा म्हणतात, ठोस नाही.

हे सगळं तोलायचे नियम २०१५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जीनोमिक्सने ठरवून दिले. पाच खाने आहेत: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘बहुधा रोगकारक’ म्हणायला ९० टक्क्यांहून जास्त खात्री लागते. त्याच्या खाली, अगदी दहा टक्क्यांपर्यंतचं सगळं, ‘अनिश्चित’ या एकाच पोत्यात जातं. म्हणजे ८५ टक्के संशयाचा बदल आणि १५ टक्के संशयाचा बदल, दोघांनाही छापील नाव तेच. तुमचा कुठल्या टोकाला आहे हे रिपोर्टवरून कळत नाही, आणि लॅबला विचारलं तर पुष्कळदा ती सांगते. विचारायला संकोच कशाला?

या पोत्यातून तो बाहेर काढायचा सगळ्यात स्वस्त आणि जलद मार्ग म्हणजे तुम्हा दोघांची तपासणी. अख्खा एक्सोम नको. मुलीत जिथे बदल आहे तेवढीच जागा सँगर पद्धतीने वाचायची. ही पद्धत १९७७ सालची आहे आणि एका जागेसाठी अजूनही तिच्यावर भरवसा आहे. दोघांतही बदल नाही निघाला, तर तो मुलीत नव्याने आलेला ठरतो. नियमांत हा ठोस पुरावा आहे, आणि त्याला दोन आधाराचे पुरावे जोडले की बदल सहसा ‘बहुधा रोगकारक’मध्ये सरकतो. अट एवढीच की नमुने खरोखर त्याच आई-वडिलांचे आहेत हे लॅबने जुळवून बघितलेलं असावं. तुमच्यापैकी एकात तो निघाला आणि त्या व्यक्तीला कधीच काही झालेलं नाही, तर संशय कमी होतो, पण शून्य होत नाही. एससीएन१एचे बदल एकाच घरात कुणाला लहानपणी तापात एक-दोन फिट्स तर कुणाला गंभीर आजार असे वेगवेगळे रंग दाखवतात. म्हणून तुमच्या आईला आणि सासूबाईंना नीट विचारा: लहानपणी तापात कधी डोळे फिरवले होते का, हातपाय ताठ झाले होते का? घरात असल्या गोष्टी ‘दात येत होते’ म्हणून विसरल्या जातात.

त्याच वेळी लॅबला एक पानभर पत्र द्या. तज्ज्ञांनीच लिहिलेलं असेल तर उत्तम: पहिल्या फिटचं वय आणि किती वेळ चालली, फिटचे प्रकार, ईईजी, एमआरआय, डोक्याचा घेर, बोलणं-चालणं कधी, आधी घेतलेली औषधं आणि कशाने फिट्स वाढल्या, तीन पिढ्यांचा वंशवृक्ष, नात्यात लग्न आहे का. एवढ्यावर लॅबने जुनाच डेटा पुन्हा बघायचा आहे, नवं रक्त लागत नाही.

हा बदल निरुपद्रवी ठरला तर काय? तर एक्सोमला न दिसणारं बरंच काही उरतं. एससीएन१एचा एखादा तुकडा अख्खाच गळून गेलेला असू शकतो. असे गळलेले तुकडे नेहमीच्या एक्सोम विश्लेषणात निसटतात, त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी टेस्ट आहे. जनुकाच्या दोन वाचनीय तुकड्यांमधल्या लांबच लांब भागात, म्हणजे इंट्रॉनमध्ये खोलवर बदल असेल तर तोही नाही दिसणार. त्याला पूर्ण जिनोम लागतो. वारंवार येणाऱ्या अक्षरांची लांबलेली माळ, उदाहरणार्थ फ्रॅजाइल एक्समध्ये सीजीजी ही तीन अक्षरं २००हून जास्त वेळा, छोटे तुकडे वाचणाऱ्या मशीनला मोजता येत नाही. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीचं एसएमएन१ आणि त्याचं जुळं वाटावं असं एसएमएन२ यांत मशीनची फसगत होते. डुशेन स्नायूविकारात बहुतेक मुलांत जनुकाचे मोठे तुकडे गळलेले किंवा दुप्पट झालेले असतात, म्हणून तिथे एमएलपीए आधी. हे शेवटचे तीन तुमच्या मुलीचे नाहीत. सांगितले ते एवढ्यासाठी की ‘एक्सोम केला म्हणजे सगळी जनुकं झाली’ हा वडिलांच्या रिपोर्टवरच्या भावांच्या वाक्याचाच दुसरा अवतार आहे. रिपोर्टच्या शेवटी कव्हरेज म्हणून एक तक्ता असतो. एससीएन१एच्या प्रत्येक तुकड्यावर किमान २० वेळा वाचन झालंय का तेवढं त्यात बघून घ्या.

आणि लॅबकडून मूळ फाइली मागून ठेवा: फास्टक्यू किंवा बॅम, आणि व्हीसीएफ. पीडीएफ हा फक्त एका दिवसाचा अर्थ असतो. नवी जनुकं दर वर्षी आजारांशी जोडली जातात, आणि आज ‘अनिश्चित’ असलेला बदल दुसऱ्या एखाद्या मुलात सापडून उद्या पक्का होतो. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी त्याच डेटाचं पुन्हा विश्लेषण मागायचं.

दुसऱ्या मुलाबद्दल आमचं म्हणणं स्पष्ट आहे: व्हीयूएसवर गर्भाची टेस्ट करू नये, आणि त्यावर गर्भाचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. ज्याचा अर्थ लागलेला नाही ते गर्भात सापडलं काय, न सापडलं काय, दोन्हींतून काहीच कळत नाही. आधी तुम्हा दोघांची ती एक जागा तपासा. बदल नव्याने आलेला आणि रोगकारक ठरला, तर पुढच्या मुलात तो येण्याची शक्यता साधारण एक टक्का सांगतात. ही शून्य नाही, कारण आई किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत, बीजपेशींसकट, तो बदल लपलेला असू शकतो. त्याला मोझेइक म्हणतात, आणि असं असेल तर धोका एक टक्क्याहून बराच जास्त होतो. इथे सँगर कमी पडते, थोड्याच पेशींत असलेला बदल तिला सहसा दिसत नाही. म्हणून गरोदरपण ठरवायच्या आधी तीच जागा शेकडो-हजारो वेळा वाचणारं खोल सिक्वेन्सिंग दोघांचं करून घ्या. याउलट एखाद्या आजारात दोघांकडून एकेक सदोष प्रत येत असती, तर धोका दर खेपेला २५ टक्के असता. तुमचा प्रकार तो नाही. जेनेटिक कौन्सेलरशी ही भेट दिवस राहण्याआधी व्हायला हवी.

घरबसल्या थुंकी पाठवायच्या किटने हे होईल का, असं कुणीतरी सुचवेलच. नाही होणार. ती बहुतेक किटं आधी ठरवलेली ठिकाणं चिपवर बघतात, सलग वाचत नाहीत, आणि दुर्मीळ बदलांत तर खोटे पॉझिटिव्ह बरेच देतात.

रक्त देतानाचं थोडं. प्रौढांचं २ ते ४ मिलीलीटर, जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत. हेपॅरिनची नळी नको, ती पुढची प्रक्रिया अडवते. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची, गुठळी झाली तर डीएनए कमी निघतो. गोठवायची नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा कुणाला बोन मॅरो बदललेला असेल तर आधीच सांगा, तिथे दात्याचाच डीएनए वाचला जाऊ शकतो. लाळ देणार असाल तर अर्धा तास आधी खाणं-पिणं नको. आणि दोघांच्या नळ्यांवरची नावं तिथे उभं राहून, स्वतः वाचून लावून घ्या. दोन कुटुंबांच्या नळ्या त्या टेबलावर एकत्र असतात, आणि तुमच्यापैकी एकाच्या जागी दुसऱ्याच कुणाची नळी गेली तर तुमच्याकडून आलेला बदलही ‘नव्याने आलेला’ म्हणून छापला जाईल.